दीर्घ आजार आणि रोजची वही : काय लिहिता, काय राहून जातं?

रामबागची (इंदूर)

गेल्या आठवड्यात दिवाणाच्या खणातून माझ्या अकरा वह्या काढल्या आणि तीन रात्री बसून सलग वाचल्या. तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. इथे बरेच जण वर्षानुवर्षं कुठल्या ना कुठल्या दुखण्यासोबत राहताहेत, म्हणून तुम्हालाच विचारते.

मला २०१३ पासून ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. आमच्या घरात सगळे आमवात म्हणतात. पहिले आठ महिने कुणालाच काही कळत नव्हतं. एकांनी कॅल्शियम दिलं, एकांनी युरिक ॲसिड तपासलं, शेजारच्या काकूंनी मेथीचे लाडू आणून दिले. मग रक्तात आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आजाराच्या दोन्ही खुणा निघाल्या आणि नाव मिळालं. शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते, असं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. माझी दोन्ही हातांची बोटं, मनगटं आणि पायाचे चवडे धरलेले आहेत. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नाही.

इंदूरची सकाळ ज्यांना माहीत आहे त्यांना यातली अडचण सांगायला नको. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, आमच्या गल्लीत पहाटे साडेपाचला. सातच्या आत कचरागाडी गाणं वाजवत येते, ओला वेगळा, सुका वेगळा, दोन्ही डबे घेऊन जिना उतरायचा. पोहे भिजवायचे, कांदा चिरायचा, दोन डबे भरायचे आणि साडेआठला शाळेत फळ्यापुढे उभं राहायचं. मी गणित शिकवते. दिवसभरात हातांना सगळ्यात जास्त काम याच दोन-तीन तासांत, आणि नेमके तेव्हाच ते माझं ऐकत नाहीत.

वही मी हौसेने सुरू केली नव्हती. या आजारावरचं मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांना ठाऊक असेल, ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि फॉलिक ॲसिड दुसऱ्या दिवशी. माझ्या दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळ्या. चौथ्या महिन्यात घरात सत्यनारायण होता, पाहुणे होते, गडबडीत मी दोघींची अदलाबदल केली आणि आठवड्याची गोळी ओळीने पाच दिवस घेतली. तोंड इतकं आलं की पाणी गिळवेना. पांढऱ्या पेशी खाली आल्या, चार दिवस दवाखान्यात काढले. चूक माझीच होती. घरी आल्यावर ह्यांनी खजुरी बाजारातून शंभर पानी वही आणली आणि पहिल्या पानावर स्वतः लिहिलं, ‘रविवार. घेतली.’ खाली माझी सही घेतली.

वर्षभर त्या वहीत तेवढंच होतं. मग एखाद्या रविवारी पुढे एक वाक्य यायला लागलं, ‘आज खडू दोनदा पडला.’ मग दोन वाक्यं, मग अर्धं पान.

उपयोग झालाच. डॉक्टर दर तीन महिन्यांनी विचारतात, मधला काळ कसा गेला? आपल्याला फक्त शेवटचे आठ दिवस आठवतात. ते बरे गेले असले की आपण ‘बरं आहे’ म्हणून मोकळे होतो. ते अठ्ठावीस सांधे एकेक दाबून बघतात, रक्तातला ईएसआर, म्हणजे अंगात सूज किती ते बघतात, पण त्या दिवसाचंच. वहीवरून कळलं की पेपर तपासायच्या महिन्यात दरवर्षी माझी मनगटं सुजतात आणि सकाळचा ताठरपणा दोन तासांवर जातो. त्यावरून औषध बदललं. हे मी कधीच विसरणार नाही.

पण आता मुलगी म्हणते, आई, त्या वह्या पुढे मला देशील का? ती पुण्याला शिकते. म्हणून देण्याआधी वाचायला बसले, आणि दोन गोष्टी दिसल्या.

एक म्हणजे २०१७ च्या जुलैपासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ काहीच नाही. रविवारची नोंद आहे, तीही ह्यांच्या अक्षरात. आतापर्यंतचा सगळ्यात वाईट काळ तो. मला ब्लाऊजचे हूक लावता येत नव्हते. पेन धरता येत नव्हतं, म्हणून तो काळ वहीत आलाच नाही.

दुसरं जास्त लागलं. ‘हे काही बोलले नाहीत’, ‘ह्यांना कळत नाही’, ‘पुन्हा एकटीनेच’ अशी वाक्यं मी अकरा वह्यांत किती ठिकाणी लिहिली आहेत! परक्याने वाचलं तर म्हणेल, या बाईचा नवरा दगड आहे. आणि आमच्या स्वयंपाकघरात रोज रात्री झोपण्याआधी हे काय करतात माहीत आहे? ओट्याजवळ जातात आणि सगळ्या डब्यांची, बरण्यांची झाकणं एकेक फिरवून सैल करून ठेवतात. चहा, साखर, पोहे, जिरावन, शेवेचा डबा, लोणचं. सकाळी मला नुसतं उचलायचं उरतं. किती वर्षं करताहेत, मला सांगता येणार नाही. एकदाही आम्ही त्याबद्दल बोललो नाही. अकरा वह्यांत त्यावर एक ओळ नाही.

दुखतं तेव्हाच लिहिलं, म्हणून दुखणंच उरलं. आता या वह्या मुलीला अशाच द्याव्यात का? तुम्ही काय करता?

---

दुरेघी (ग्वाल्हेर)

ताई, तुमच्या कोऱ्या पानांवरून मला बाबांच्या वह्या आठवल्या.

बाबा इथल्या लष्कर भागातल्या दाल बाजारात एका पेढीवर मुनीम होते. घरचा जमाखर्चही रोज रात्री लिहायचे. दूध, रॉकेल, गजक, रिक्षा, सगळं. मोत्यासारखं अक्षर. २०१४ साली त्यांना पार्किन्सन्स असल्याचं कळलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, अक्षर कधीपासून लहान झालंय? आम्ही म्हटलं, झालेलं नाही. घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. २०१० च्या वहीत ओळ डावीकडे नेहमीसारखी सुरू होते आणि उजवीकडे जाता जाता बारीक होत जाते. २०१२ च्या वहीत ‘दूध’ वाचायला चष्मा लागतो. कुणी काहीच लिहिलेलं नव्हतं, फक्त हिशेब होते, तरी आजार त्या पानांवर चार वर्षं बसलेला होता. आम्ही रोज त्या वहीत डोकावत होतो, दुधाचे किती झाले ते बघायला.

अक्षर बारीक होत जाणं हे या आजाराचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं. मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि हालचाली आखडत जातात, लिहिण्याची हालचालही त्यातच आली.

फिजिओथेरपीवाल्या ताईंनी सांगितलं, रेघा आखलेल्या कागदावर मुद्दाम मोठं लिहायला लावा, डोळ्यांना रेघ दिसली की हात तिथपर्यंत जातो. म्हणून मी पहिलीतल्या मुलांची दुरेघी वही आणली. आणताना फार वाईट वाटत होतं. ज्या माणसाने मला बाराखडी गिरवायला बसवलं त्याच्यापुढे मी दुरेघी ठेवत होतो. बाबांनी वही उघडली, रेघांवरून बोट फिरवलं आणि लिहिलं, ‘दूध १ लिटर’. अक्षर वरच्या रेघेला टेकलं होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, भाव लिही, मला आजचा भाव माहीत नाही.

आता त्याच वहीत आम्ही गोळ्यांच्या वेळा लिहितो. लेव्होडोपा, म्हणजे डोपामिनची उणीव भरणारी गोळी, कधी दिली, किती वेळाने हात सुटला, कधी पुन्हा अडकला. डॉक्टर ते बघूनच वेळा बदलतात.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर इतकंच की कोरी पानं फाडू नका. यजमानांच्या अक्षरातले ते रविवार तर मुळीच नाही. ‘काही बोलले नाहीत’ असं तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिलंय, त्यांनी त्या तीन महिन्यांत दर रविवारी लिहिलंय.

---

रामबागची

दादा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आत्ता पुन्हा वही काढून बघितली. तेरा रविवार आहेत.

---

निळा_हिरवा_विटकरी (वडोदरा)

मला नवव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह आहे, १९९६ पासून. तेव्हा आम्ही दांडिया बाजारात राहत होतो. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या रोज वापरणं आम्हाला परवडणारं नव्हतं. आई बेनेडिक्टच्या द्रावणात माझ्या लघवीचे आठ थेंब टाकून परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि फार असेल तर विटकरी. तिच्या वहीत आकडे नाहीतच. ओळीने रंग आहेत. ‘निळा. निळा. हिरवा. विटकरी.’ आणि त्या विटकरीसमोर बारीक अक्षरात, ‘मामाच्या लग्नात श्रीखंड. मी नाही म्हटलं नाही.’

आज माझ्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर आहे, दर पाच मिनिटांनी आकडा घेतो. दिवसाचे दोनशे अठ्ठ्याऐंशी. त्यातलं काही सुटत नाही. पण आलेख वर गेलेला दिसतो तेव्हा त्या दिवशी काय झालं होतं ते मला सांगता येत नाही. आईच्या वहीत १९९८ सालचा गुरुवार सांगता येतो.

म्हणून मी पुन्हा वही सुरू केलीय. आकडा लिहीत नाही, तो यंत्राकडे आहे. समोरची बारीक अक्षरं तेवढी लिहितो. ताई, तुमच्या रविवारसमोर झाकणं लिहा.

---

सांजवेळ (इंदूर, सुदामा नगर)

मी थोडं वेगळं सांगणार आहे, राग मानू नका.

मला फायब्रोमायल्जिया आहे. रक्त तपासून सापडत नाही, एक्स-रेत दिसत नाही, आणि अंगभर दुखतं. सुरुवातीला मला सांगितलं होतं की रोज सकाळी दुखण्याला दहापैकी गुण द्या आणि लिहून ठेवा. मी तीन वर्षं इमानाने दिले. शेवटी असं व्हायला लागलं की डोळे उघडले की आधी मी दुखणं शोधायची. मान? सहा. खांदा? पाच. पाठ? थांब, बघू दे. खिडकीबाहेर काय आहे, काल सानंद संस्थेच्या नाटकात काय मजा आली, मनात काहीच यायच्या आधी हिशेब सुरू. एकदा सगळं ठीक होतं तर मला चक्क भीती वाटली, की मी नीट तपासलं नाही.

२०१९ मध्ये त्या वह्या रद्दीत दिल्या. वाईट वाटलं नाही. आता डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री तीन ओळी लिहिते : झोप कशी, चालणं किती, कोणती गोळी चालली नाही. बस.

लिहिणं प्रत्येकाला मानवतंच असं नाही, आणि ज्याला मानवत नाही त्याने स्वतःला आळशी समजू नये, एवढ्यासाठी लिहिलं.

---

रामबागची

राग कसला! उलट धीर आला. मीही गुण द्यायची, दोन हजार पंधरा-सोळाच्या वह्यांत आहेत. नंतर आपोआप सुटले. तुम्ही सांगितल्यावर कळलं की ते का सुटले असतील.

---

पंप_खिशात (ग्वाल्हेर)

मी दम्याचा पेशंट, आणि व्यवसायाने आकडेवारीशी संबंध, त्यामुळे हा विषय जवळचा.

सांजवेळ जे म्हणताहेत आणि रामबागताई जे म्हणताहेत, त्या दोन्हींना जोडणारा एक प्रयोग अमेरिकेत झाला होता, १९९९ साली प्रसिद्ध झाला. दमा किंवा ऱ्हुमॅटॉइड संधिवात असलेले शंभरावर रुग्ण घेतले. काहींना ओळीने तीन दिवस, रोज वीस मिनिटं लिहायला सांगितलं, आणि विषय दिला तो आजाराचा नव्हता. आयुष्यातला सर्वांत त्रासदायक प्रसंग आणि त्याबद्दल मनात काय आहे, ते लिहा. बाकीच्यांनी साध्या, कोरड्या विषयावर लिहिलं. चार महिन्यांनी डॉक्टरांनी तपासलं तेव्हा पहिल्या गटातल्या दमेकऱ्यांचं फुप्फुसांचं काम सुधारलेलं होतं आणि संधिवाताची तीव्रता कमी झालेली होती. सगळ्यांची औषधं चालूच होती, हे महत्त्वाचं. नंतरच्या अभ्यासांत परिणाम इतका ठळक दिसला नाही, कुठे थोडा, कुठे नाहीच. त्यामुळे लिहून आजार बरा होतो असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

पण मला त्यातली गोम वेगळी वाटते. त्या माणसांना कुणी विचारलं नाही की आज किती दुखतंय. विचारलं ते आयुष्याबद्दल. मी स्वतः सकाळी पीक-फ्लो मीटरमध्ये, म्हणजे फुंकेचा जोर मोजणाऱ्या नळीत, फुंकून आकडा लिहितो, तो पहिल्या पानावरच्या तक्त्यात. बाकी वहीत आजाराला जागा देत नाही. गेल्या रविवारचं पान तानसेनच्या समाधीपाशी असलेल्या चिंचेच्या झाडावर आहे.

आणि एक कळकळीची विनंती, मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या सगळ्यांना. पाकिटावर मार्करने वार लिहा आणि ते फॉलिक ॲसिडपासून वेगळ्या डब्यात ठेवा. ताईंसारखी अदलाबदल जिवावर बेतू शकते. रक्ततपासणीही चुकवू नका, पेशी आणि यकृत दोन्ही बघावं लागतं.

---

माईंची_सून (इंदूर, राजेंद्र नगर)

मी दुसऱ्या बाजूची. आजारी सासूबाई, आणि करणारी मी. त्याही डायरी लिहायच्या. त्या गेल्यावर कपाट आवरताना मी वाचली. त्यात मी आहे. ‘सुनेने आज चहा आपटला.’ तारीख बघितली, माझ्या वडिलांचा वर्षश्राद्धाचा दिवस होता. त्यांना माहीत नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. चहा आपटला हेही खरंच होतं.

मी ती डायरी ठेवलीय. पण ताई, तुमच्या यजमानांना तुम्ही वाचून दाखवू शकता. माझ्या सासूबाईंना मला ते कारण सांगता आलं नाही. तुमची माणसं घरात आहेत तोवर बोलून घ्या, असं मला अगदी आतून वाटतं.

---

रामबागची

चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण माईंची सून यांचं वाचून मी रविवारी खरंच वही घेऊन ह्यांच्याजवळ बसले. गराडू तळले होते, ते खात होते. मी सरळ विचारलं, झाकणं कधीपासून सैल करता?

हे म्हणाले, लोणच्याची बरणी फुटली त्या दिवसापासून.

मला आठवेना. वहीत शोधलं. २०१६, मे महिना. माझ्या अक्षरात आहे : ‘कैरीच्या लोणच्याची बरणी हातातून सुटली. आईच्या हाताचं लोणचं, वर्षाचं गेलं. सगळ्यांवर ओरडले. हे काही न बोलता काचा वेचत राहिले.’

‘काही न बोलता.’ मी ते तक्रार म्हणून लिहिलं होतं.

मग त्यांनी सांगितलं की त्या रात्री मी झोपल्यावर ते उठले आणि प्रत्येक झाकण स्वतःच्या डाव्या हाताने, दोनच बोटांनी उघडून बघितलं. जे उघडलं नाही ते सैल केलं. मी विचारलं, मला सांगितलं का नाहीत? म्हणाले, सांगितलं असतं तर तू सकाळी मुद्दाम घट्ट लावून उघडून दाखवलं असतंस. आणि ते खरं आहे. मी तशीच आहे.

वह्या मुलीला द्यायच्या ठरवल्या. एकही पान फाडणार नाही. वडोदऱ्याच्या भाऊंच्या आईसारखं करायचंय. डावीकडच्या समासात, आजची तारीख घालून, वेगळ्या शाईने. त्या मे महिन्याच्या पानापासून सुरुवात केली. पण दहा ओळींनंतर अंगठा धरला आणि थांबावं लागलं. आधी वाटलं नव्हतं इतकं लिहायचं निघेल. कुणाला जाड, हलकं पेन माहीत आहे का? बाजारातली जाड पेनं सगळी वजनदार निघाली.

---

दुरेघी

ताई, पेन विकत घेऊ नका. सायकलच्या दुकानातून जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा आणा, साध्या हलक्या बॉलपेनला दोन-तीन वेढे घट्ट गुंडाळा आणि वर दोरा बांधा. घसरत नाही आणि चिमूट कमी आवळावी लागते. बाबांचं पेन मी असंच केलंय. गुंडाळायचं काम मात्र यजमानांना सांगा, त्याला जोर लागतो.

---

सांजवेळ

आणि दहा ओळींनंतर थांबायचं. अकरावी उद्या.

---

रामबागची

ट्यूब छावनीतल्या सायकलवाल्याने पैसे न घेता दिली. ह्यांनी गुंडाळून दिली, दोरा मुलीच्या जुन्या पतंगाच्या मांज्याचा लावत होते, तो मी बदलायला लावला, हात कापला असता.

आज ते तेरा रविवार घेतले. प्रत्येकासमोर त्यांना विचारून एकेक ओळ लिहितेय. चौथ्या रविवारपर्यंत आले. त्या दिवशी पाऊस होता म्हणे, आणि त्यांनी माझी वेणी घातली होती. मला वेणी आठवते, पाऊस आठवत नाही.